तेहतीस अनारसे : अधिक श्रावणातल्या कामाच्या नोंदी

९ जुलै २०२३, रविवार, इंदूर

काम : जावयांच्या पहिल्या अधिकाचं वाण. तेहतीस अनारसे, घरी केलेले.
मुदत : १२ ऑगस्ट. त्या दिवशी लेक-जावई पुण्याहून येतायत.
करणार कोण : मी.

या शेवटच्या ओळीवर आज घरात तासभर बोलणं झालं. गुरुवारी ही मागच्या अंगणात ओल्या पायरीवरून घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. दवाखान्यातून घरी येताना रिक्षात तिचं पहिलं वाक्य होतं, "आता अनारशांचं काय करायचं हो?"

लेक फोनवर म्हणाली, "आई, विकतचे आणा ना, कोण बघतंय?" ही "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून खिडकीकडे तोंड करून बसली. तो "बरं" मला काही पटला नाही. मी म्हटलं, "मी करतो. तू खुर्चीवर बसून सांग." माझ्या आईचं वय ८६. तिनं पलंगावरूनच विचारलं, "तांदूळ तरी धुता येतात का रे तुला?" तांदूळ धुता येतात. बाकीचं शिकायचं आहे.

तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामावर रोज साइटची डायरी लिहिली. २०१६ साली निवृत्त झालो आणि वह्या कपाटात गेल्या. आज एक कोरी वही काढली.

१० जुलै, सोमवार

खरेदी, सियागंज :
जुना कोलम तांदूळ, २ किलो
करेलीचा गूळ, दीड किलो
खसखस, पाव किलो
साजूक तूप घरचं आहे, कमी पडलं तर बघू.

तांदूळ नवा चालत नाही, चिकट निघतो. हिनं सांगितलं होतं, दाणा दाताखाली धरून बघा, कट्‌कन तुटला पाहिजे. दुकानात तीन पोत्यांतले दाणे चावून बघितले. दुकानदार शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "अनारसे के लिए चाहिए? पहले बोलते, वो अंदर रखा है." आणि आतून वर्षभराचा जुना माल काढून दिला. या शहराचं हे मला फार आवडतं. सियागंजातल्या मारवाडी दुकानदारालाही अनारशाचा तांदूळ वेगळा ठेवावा लागतो, हे ठाऊक आहे.

गूळ घेताना चिक्कीचा गूळ टाळायचा, तो तारेवर येतो आणि अनारसा चिवट करतो. करेलीचा गूळ मऊ असतो, नखानं निघतो.

खसखस महाग, पण ती आपल्या माळव्याची. नीमच, मंदसौर, रतलाम हा सगळा अफूच्या परवान्याचा पट्टा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बोंडांना चिरा मारून चीक काढतात, तो सरकारकडे जमा करावा लागतो. बोंडं वाळली की आतली खसखस मात्र शेतकऱ्याची, ती तो मंडीत विकतो. कामानिमित्त मंदसौरकडे गेलो होतो तेव्हा ती पांढरी फुलं मैलोन्‌मैल बघितली होती. त्यांचं बी अनारशाच्या पाठीवर बसतं हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

११ जुलै, मंगळवार

पहिला प्रयोग. अर्धा किलो तांदूळ चार पाण्यांनी धुऊन सकाळी ७ वाजता भिजत घातला. पितळी पातेलं, वर पंचा. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. आज नळाचा दिवस होता. तांदळावर पाणी सोडताना उगाच थांबलो. हे पाणी जलूदहून येतं, सत्तर किलोमीटरवरून, घाट चढून. नर्मदा पहिल्यांदा इंदुरात पोहोचली १९७८ साली. मी त्या कामावर पुढे बऱ्याच वर्षांनी लागलो. पण उभा जन्म त्या पाण्याचा हिशोब ठेवण्यात गेला. गावाला पाणी पाजलं, घरच्या तांदळावर स्वतःच्या हातानं पाणी घालायची वेळ आज आली. बरं वाटलं.

१२ जुलै, बुधवार

पाणी बदललं. वास नाही.

१३ जुलै, गुरुवार

पाणी बदललं. वर थोडे बुडबुडे, किंचित आंबूस वास. मी घाबरलो. हिनं पातेल्यावर वाकून वास घेतला आणि म्हणाली, "छान आहे. असाच यायला हवा. न आंबलेल्या तांदळाला जाळी पडत नाही."

१४ जुलै, शुक्रवार

सकाळी तांदूळ उपसला. चाळणीत अर्धा तास निथळू दिला, मग पंचावर पसरून पंख्याखाली. उन्हात वाळवायचा नसतो, सावलीतच. आणि ठणठणीत वाळवायचा नसतो, दाणा हाताला दमट लागला पाहिजे पण बोटाला पाणी लागता कामा नये. ही म्हणते तासाभरात होतं. दिवाळीत होत असेल. आज बाहेर संततधार, भिंतींना ओल आणि हवा अशी की मीठ पाझरतंय. तीन तास झाले तरी दाणा ओलाच.

दुपारी २.३५ ला चांद्रयान सुटलं. आई, ही आणि मी टीव्हीसमोर, तांदूळ आमच्या तिघांच्या मध्ये पसरलेला. यान वर गेलं तशी आईनं हात जोडले. मी त्या आनंदातच तांदूळ गोळा केला आणि मिक्सरला लावला. अजून तासभर थांबायला हवं होतं. ही चूक इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

पीठ मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळलं. रवाळ उरलं ते पुन्हा फिरवलं. काट्यावर भरलं ५४० ग्रॅम. गूळ किसून तितकाच घेतला. ही म्हणत होती, "गूळ सगळा एकदम घालू नका, हात सांगेल तेवढा घाला." माझ्या हाताला अजून काही सांगता येत नाही, म्हणून वजनावर विसंबलो. गोळा झाला, तुपाचा हात लावून स्टीलच्या डब्यात ठेवला. चार दिवस मुरू द्यायचा.

१८ जुलै, मंगळवार

आज अधिक लागला. अधिक श्रावण, १६ ऑगस्टपर्यंत.

मला या महिन्याचं गणित लहानपणापासून आवडतं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात. ते कुठे टाकून दिलेले नाहीत, साठवले आहेत. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी त्यांचा पूर्ण महिना होतो. म्हणून वाणात तेहतीसचा आकडा, असं आमच्या घरी सांगतात. आणि द्यायचा पदार्थ जाळीचा : अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक. लेकीचं लग्न गेल्या फेब्रुवारीतलं, त्यामुळे हा त्यांचा पहिलाच अधिक.

संध्याकाळी ५ वाजता कढई ठेवली. डब्यातला गोळा उघडला तर सैल, बोटाला चिकटणारा, कडेनं गुळाचं पाणी सुटलेलं. ही काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा काळजीचं असतं.

केळीच्या पानावर चिमूटभर खसखस पसरली, लिंबाएवढा गोळा ठेवला, बोटांनी थापला. "तळव्यानं नको, बोटांच्या टोकांनी. मधून बाहेर." पान उलटं करून अनारसा खसखशीची बाजू वर राहील असा तुपात सोडला. आधी तळाशी गेला. मग वर आला. कडेला बारीक फेस. एवढं सगळं सांगितल्यासारखं. आणि मग मध्यावर एक भोक पडलं, त्याच्या शेजारी दुसरं, भोकं एकमेकांत मिसळली, कडा एकीकडे आणि मध्य दुसरीकडे. खसखस तुपावर मोकळी तरंगायला लागली. मी झारा घातला तर झाऱ्यावर काही आलंच नाही. पंधरा-वीस सेकंदांत कढईत नुसता चुरा.

"हसला," ही म्हणाली.

हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलोय. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "हसला गं बाई!" आणि बाहेर आम्ही पेपर वाचत असायचो. आज पहिल्यांदा हसताना बघितला. आणखी तीन सोडून पाहिले. तिन्ही हसले.

कारण सरळ आहे. पीठ ओलं होतं, त्यात गूळ वजनाला वजन. गूळ जास्त झाला की तुपात तोच आधी वितळतो आणि पिठाला धरून ठेवणारं काही उरत नाही. इलाज : कोरडी पिठी मिसळायची. पण पिठी मी राखून ठेवलेली नव्हती. म्हणजे पुन्हा वाटीभर तांदूळ भिजत आणि पुन्हा तीन दिवस.

चुरा गाळून बशीत काढला. टाकणार होतो. आई म्हणाली, "आण इकडे." कोमट दूध मागवलं, त्यात तो गुळगुळीत, तुपकट, खसखशीचा चुरा घातला आणि चमच्यानं खाल्ला. आईला दात नाहीत. पाच-सहा वर्षांत तिनं अनारसा खाल्लेला नाही, दिवाळीला ताटातला उचलून आमच्यापैकी कोणाला तरी द्यायची. आज वाटी पुसून खाल्ली, आणि म्हणाली, "उद्या पण हसू दे."

१९ जुलै, बुधवार

वाटीभर तांदूळ भिजत घातला.

रात्री जेवणं झाल्यावर हिला विचारलं, इतकी वर्षं हे सगळं तू कधी करायचीस? मला तर तांदूळ भिजलेला कधी दिसलाच नाही. आमचं लग्न १९८७ चं. दर दिवाळीला ताटात अनारसे असायचे, एवढंच मला माहीत.

ती म्हणाली, "तुम्ही साइटवर असायचात. वसुबारसेच्या पंधरा दिवस आधी तांदूळ भिजत घातला की माझं मनातल्या मनात सुरू व्हायचं. तुम्हाला कडक लागतो. लेकीला आतून मऊ. तुमच्या बाबांना खसखस दाताखाली यायची म्हणून त्यांचे चार मी बिनखसखशीचे थापायचे."

बाबांचे बिनखसखशीचे असायचे, हे मला आज कळलं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी म्हटलं, कंटाळा नाही आला कधी? तिनं थोडा विचार केला. "कुटायचा यायचा. पण करताना घरात सगळी माणसं आहेत असं वाटायचं. खायला बसल्यावर काय, पाच मिनिटांत संपतं. माझी मजा आधीच होऊन गेलेली असायची."

हे तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे. मला हे पटायला आठवडा लागला नाही. गेले दहा दिवस मी सकाळी उठतो तो पातेल्याकडे जातो, आणि पातेल्यासमोर उभा असताना लेक आणि जावईच डोक्यात असतात. एरवी आठवड्याच्या फोनपुरते ते मनात यायचे.

२२ जुलै, शनिवार

वाटीभर तांदूळ उपसला, या वेळी पाच तास पंख्याखाली. दाणा बोटांत दाबला तर भुरभुरला. पिठी करून जुन्या गोळ्यात मिसळली. अंदाजानं घालायची होती, मी सगळी घातली. गोळा घट्ट, हाताला कोरडा. मुरायला ठेवला.

२५ जुलै, मंगळवार

प्रयोग दुसरा. हसला नाही! जाळीही पडली, बारीक, मधमाशांच्या पोळ्यासारखी. पण गार झाल्यावर दगड. तोडायला दोन हात लागले.

आता पिठी जास्त झाली. ही म्हणाली, "घाबरू नका, हा दुरुस्त होणारा आहे." पाव केळं कुस्करून आणि चमचाभर तूप घालून गोळा मळला, रात्रभर ठेवला. तिनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं गोळा दाबून बघितला आणि माझा अंगठा धरून तिथेच दाबला. "हे असं. दाबलं की खड्डा राहायला हवा, आणि कडेला चीर नको." त्या एका क्षणात जे कळलं ते आधीच्या पंधरा दिवसांत काट्यावर कळलं नव्हतं.

२६ जुलै, बुधवार

केळं घातलेल्याचे सहा केले. चांगले झाले. खुसखुशीत, पण केळ्याचा वास येतो. वाणाला चालतील असं ही म्हणते. मला नाही चालणार. पहिल्यापासून नवा घाणा करायचा.

सहापैकी दोन आईला दुधात. दोन शेजारच्या काकूंना दिले. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांनी तोडून जाळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि हिच्या प्लास्टरकडे. "भावजी, तुम्ही?" एवढंच. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून घरातला पितळी झारा आणून दिला, बारीक भोकांचा. अनारसा न मोडता उचलायला तोच लागतो म्हणाल्या.

१ ऑगस्ट, मंगळवार

अखेरचा घाणा. तांदूळ पाऊण किलो, सकाळी ६.३० ला भिजत.

२ ऑगस्ट पाणी बदललं.

३ ऑगस्ट पाणी बदललं. बुडबुडे वेळेवर. मी आता या वासाची वाट बघतो.

४ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस उघडलाय. दीड तासात दाणा हवा तसा झाला. हिनं मूठभर हातात घेऊन सोडला. मूठ उघडल्यावर दाणे तळव्याला चिकटले नाहीत, पण तळवा गार राहिला. ही परीक्षा लिहून ठेवण्यासारखी.

पीठ ७३० ग्रॅम. त्यातलं शंभर ग्रॅम वेगळ्या डब्यात राखून ठेवलं. उरलेल्यात गूळ थोडा थोडा घालत गेलो. काटा बाजूला ठेवला होता. नंतर उरलेल्या गुळावरून हिशोब केला तर ४९० ग्रॅम गेला होता. म्हणजे पिठाच्या पाऊणपट आणि थोडा वर. आधी पीठ आणि गूळ वेगळे दिसतात, मळता मळता एक वेळ अशी येते की परातीत अचानक एकच वस्तू असते, रंग सारखा, ओलेपणा सारखा. त्या वेळी हात आपोआप थांबला. ही समोर बसून बघत होती. ती पण काही बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं.

लेकीचा फोन. जावयांनी विचारलं म्हणे, मावय्या इतके दिवस काय करतायत? ते विजयवाड्याचे, त्यांच्याकडे सासऱ्याला मावय्या म्हणतात. आईला वाटतं ते मला मामा म्हणतात, आणि तिला ते फार आवडतं.

९ ऑगस्ट, बुधवार

गोळा पाच दिवस मुरला. दोन तळून पाहिले. पहिला कणभर पसरला. राखलेल्या पिठीतली दोन चमचे मळली. दुसरा बरोबर.

आज एक अडचण लक्षात आली, तीही आईच्या. १२ तारखेला शनिवारी एकादशी! अधिकातली कमला एकादशी. त्या दिवशी तांदळाचं काही तोंडात घालायचं नाही, आणि वाण देऊन समोर ठेवायचं नि खाऊ नका म्हणायचं, हे तिला मान्य नाही. वेळापत्रक बदललं : तळणं ११ ला, वाण १३ ला रविवारी. अनारशाला दोन दिवस बाधत नाहीत, उलट तूप नीट निथळतं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

तळण. दुपारी ३ ते ४.४०.

तूप एक किलो, जाड बुडाची लोखंडी कढई. आच मंद, पिठाचा कण टाकला की तळाशी जाऊन सावकाश वर यायला हवा. झटकन आला तर तूप तापलंय, कढई उतरवायची. एका वेळी दोनच. उलटायचा नाही. झाऱ्यानं तूप वरून सोडत राहायचं, त्यानंच वरची बाजू शिजते आणि जाळी उघडते.

जाळी उघडताना मी आज नीट बघितली. अनारसा वर येतो तेव्हा सपाट असतो. कडेनं बुडबुडे सुरू होतात, मग वर सोडलेलं तूप पृष्ठभागावर थरथरतं आणि त्या थरथरीत एक एक सुईच्या टोकाएवढं भोक दिसायला लागतं. आतल्या दमट पिठातली वाफ बाहेर वाट काढत असते. भोकांच्या मधे खसखशीचे दाणे घट्ट बसून राहतात. रंग आधी फिका, मग मधाचा, मग ताज्या विटेकडे झुकतो; त्याच्या आधी उचलायचा, कारण बाहेर काढल्यावर तो आणखी एक छटा गडद होतो. काढून चाळणीत आडवा ठेवायचा नाही, कडेवर उभा करायचा, म्हणजे तूप खाली उतरतं. चाळणीत उभे अनारसे ओळीनं, एकाला एक टेकून.

पहिले दहा हिनं मोजले. मग मोजायचं सोडून ती नुसती बघत बसली. विसाव्याच्या आसपास माझा हात बसला. थापणं, सोडणं, तूप उडवणं, उचलणं, यात डोकं मोकळं राहायला लागलं. लेक सहा वर्षांची असताना चाळणीतला गरम अनारसा उचलून जीभ भाजून घेतली होती, ते आठवलं. हिला म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही होतात तेव्हा?" होतो. ती दिवाळी साइट बंद होती.

एकूण ४४. त्यातले तीन उचलताना तुटले. हसला एकही नाही.

आईसाठी दोन बिनखसखशीचे केले, दुधात मऊ व्हायला सोपे जातात. थापताना बाबांचे चार आठवले. त्यांच्यासाठी म्हणूनही एक केला. तो देवापुढे ठेवला.

१२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी लेक-जावई आले. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी. अनारशांचा डबा वरच्या फळीवर. जावई आत येतानाच म्हणाले, "तुपाचा वास येतोय." डबा दाखवला नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

वाण दिलं. पाटावर दोघं शेजारी, समोर तांब्याचं ताट, त्यात तेहतीस अनारसे, मधे निरांजन, वर केळीचं पान. हिनं डाव्या हातानं ओवाळलं. कुंकू लावताना उजवा हात पुढे आला, प्लास्टर बघून लेकीनं तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मंत्र गुरुजींशिवायच, आईला येतात तेवढे.

जावयांनी पान उचललं, एक अनारसा हातात घेतला, उलटसुलट केला. मग म्हणाले, "हे तर अरिसेलु."

त्यांच्याकडे संक्रांतीला करतात. तांदूळ भिजवून दमट असतानाच दळायचा, इथपर्यंत सगळं हेच. गूळ मात्र ते किसून घालत नाहीत, पाक करून त्यात पीठ टाकतात. खसखशीऐवजी तीळ. आणि तळून काढला की दोन लाकडी पाट्यांमध्ये दाबून तूप काढायचं. त्यांची आजी तळायची आणि दाबायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असायचं. "मला एवढंच करू द्यायची," म्हणाले. हे सांगताना त्यांचं मराठी सुटलं, मग इंग्रजी, मग तेलुगू. लेक मधे मधे सांगत होती, पण हातांवरूनच कळत होतं. दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून ते दाबून दाखवत होते.

आजी चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर त्यांच्या घरी कोणी केलेले नाहीत.

मग त्यांनी खाल्ला. पहिला घास घेतल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. दुसरा उचलला. हिनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी या वहीत कसं उतरवणार? एवढंच लिहितो की छत्तीस वर्षांत तिनं मला बघितलं त्यात हे वेगळं होतं.

चार वाजता ते स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, "मावय्या, पीठ उरलंय का?" उरलेल्यातले दोन आम्ही दोघांनी मिळून तळले, त्यांच्या पद्धतीनं, तीळ लावून. एक दोन झाऱ्यांमध्ये दाबला. जाळी चपटी झाली, पण तूप खरंच बरंच निघालं. चव वेगळी, चांगली. हिला तिळाचा आवडला. माझं मत खसखशीकडेच.

१५ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी दोघं निघाले. डब्यात एकोणीस अनारसे, मधे बटर पेपर. लेकीनं तांदळाचं प्रमाण विचारलं. मी ही वही दिली. तिनं सगळी पानं फोनमध्ये टिपली, आणि १९ जुलैच्या पानावर थांबली. ते पान तिनं उभ्यानं वाचलं. मग आत जाऊन हिच्याजवळ बसली, स्टेशनला निघायची वेळ होईपर्यंत.

१६ ऑगस्ट, बुधवार

अधिक संपला. हिशोब :

तळले ४४, शिवाय ९ तारखेचे २ आणि तिळाचे २.
वाणाचे ३३. त्यातले १४ इथे संपले, १९ पुण्याला गेले.
शेजारी ४.
आईला ३, त्यांतले २ बिनखसखशीचे, आणि तुटलेले सगळे. अजून मागते आहे.
देवापुढचा १ हिनं आणि मी अर्धा अर्धा खाल्ला.
तूप वापरलं साधारण ४०० ग्रॅम. उरलेलं गाळून पोळ्यांना.
पिठी उरली ५० ग्रॅमच्या आत-बाहेर.
मुरलेला गोळा उरला पावकिलोच्या वर. तुपाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात, वर केळीचं पान. हिचं प्लास्टर सोमवारी, २१ तारखेला निघेल. बोटं मोकळी व्हायला आणखी थोडे दिवस. गोळा तोवर सहज टिकतो. तो तिला थापायला ठेवला आहे.